त्सुकुबाला संशोधनासाठी निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतून जपानला येणाऱ्या मंडळींपैकी बरीच जण त्सुकुबाला येतात. १९६३ साली जपानी मंत्रिमंडळाने ठरवून वसवलेलं हे विज्ञाननगर टोकियोच्या ईशान्येला आहे. केईके (कणत्वरकांची संस्था), निम्स (पदार्थविज्ञान), एआयएसटी (औद्योगिक तंत्रज्ञान), जाक्सा या अंतराळ संस्थेचं केंद्र आणि त्सुकुबा विद्यापीठ अशा मोठ्या संस्था इथे एकाच शहरात आहेत. केईकेच्या फोटॉन फॅक्टरीत भारताची स्वतःची बीमलाइन (प्रखर क्ष-किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे आणि केईकेच्याच बेल-२ या कणभौतिकीच्या प्रयोगात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) सहभागी आहे. त्यामुळे निघण्याआधी लोक विचारतात ते प्रश्नही तेच तेच असतात. त्यांची उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत.

व्हिसासाठी मी काय करायचं?

तुम्ही फार थोडं करायचं, बहुतेक काम तुम्हाला बोलावणारी संस्था करते. ती इमिग्रेशनकडून पात्रता प्रमाणपत्र मिळवते. सगळे याला सीओई म्हणतात. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पोचायचं असतं. विद्यापीठात येणाऱ्यांना सहसा 'प्रोफेसर' आणि संस्थेत येणाऱ्यांना 'रिसर्चर' दर्जा मिळतो. बिनपगारी कामासाठी 'कल्चरल ॲक्टिव्हिटीज' असतो. हा शेवटचा दर्जा असेल तर कमाईचं कुठलंही काम परवानगीशिवाय करता येत नाही, हे आधीच समजून घ्या.

याच काळात संस्था तुम्हाला एक लांबलचक फॉर्म पाठवेल: आधी कुठे काम केलं, निधी कोणाचा होता, कोणतं तंत्रज्ञान हाताळणार वगैरे. आपल्यावर संशय घेतायत असं पाहून अनेकांना वाईट वाटतं. तो निर्यात नियंत्रण कायद्याखालचा नेहमीचा फॉर्म आहे, सगळ्यांना भरावा लागतो. भरून लगेच पाठवा, कारण तो अडकला की पुढचं सगळंच अडकतं.

सामानात काय न्यावं, काय नेऊ नये?

हापूसची पेटी नेऊ नका. जपानने भारतीय आंब्यावरची बंदी २००६ साली उठवली, पण ती ठरावीक उष्ण बाष्पप्रक्रिया केलेल्या आंब्यापुरती. हातातल्या पेटीसोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर ती विमानतळावरच काढून घेतात. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, बिया, रोपं यांचंही तसंच. मांस असलेलं काहीही नको, खिमा सामोसाही नको. गोडा मसाला, मेतकूट, चटण्या, कोरडा फराळ सहसा विनात्रास पोचतो.

औषधांबाबत मात्र गंभीर राहा. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधं एक महिन्यापुरती चालतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी जपानच्या आरोग्य मंत्रालयाकडून आयात प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं. प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर इथे ती निषिद्ध ठरतात. एडीएचडीसाठीची काही औषधं तर चिठ्ठी असली तरी आणता येत नाहीत.

उतरल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत काय काय?

नारिता किंवा हानेदा विमानतळावरच निवास कार्ड हातात पडतं. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत आरोग्य विमा आणि पेन्शनच्या खिडक्यांवरही जाऊन या. कार्ड कायम जवळ बाळगणं बंधनकारक आहे.

पहिले काही दिवस सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. बँकेला फोन नंबर हवा, फोन कंपनीला खातं किंवा कार्ड हवं, घरमालकाला दोन्ही हवं. साधारण क्रम असा लावा: पत्ता, फोन, बँक. शिवाय नव्याने आलेल्यांना सहा महिने होईपर्यंत किंवा नोकरीचा पुरावा दाखवेपर्यंत बऱ्याच बँका 'अनिवासी' धरतात. म्हणून संस्थेचं नेमणूकपत्र सोबत न्या. खातं उघडेपर्यंत सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून भारतीय कार्डावर येन काढता येतात.

घर मिळतं का?

मिळतं, पण परदेशी भाडेकरूला नकार देणारे मालक अजून आहेत आणि एजंट ते तोंडावर सांगतो. याचा त्रास करून घेण्यात अर्थ नाही, पुढच्या घराकडे वळावं. सुरुवातीचा खर्च भाड्याच्या चार-पाचपट होऊ शकतो. त्यात अनामत असते, मालकाला द्यायची परत न मिळणारी भेट असते (हो, अजूनही घेतात), एजंटची दलाली आणि हमी कंपनीची फी असते. हे टाळायचं असेल तर यूआर या सरकारी गृहसंस्थेची भाड्याची घरं बघा. तिथे भेट नाही, दलाली नाही आणि हमीदारही लागत नाही. वर्षभरासाठीच येणार असाल तर संस्थेचं वसतिगृह किंवा विदेशी संशोधकांसाठीचं निनोमिया हाउस सोयीचं. अर्ज मात्र लवकर करा, यादी लांब असते.

इमारत १९८१ नंतरची आहे का, एवढं एजंटला विचाराच. त्या वर्षी भूकंपरोधक बांधकामाचे नियम बदलले. घर सोडायचं असेल तर बहुतेक करारांत किमान एक महिना आधी कळवावं लागतं.

विमा, पेन्शन आणि कर: दुसऱ्या वर्षी पैसे इतके का कापले जातात?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी हे बघा की तुम्ही कर्मचारी आहात की फेलो. संस्थेने पगारावर नेमलं असेल तर आरोग्य विमा आणि पेन्शन पगारातून कापतात आणि त्यातला निम्मा भाग संस्था भरते. जेएसपीएस (जपानची विज्ञान प्रोत्साहन संस्था) देते तशा फेलोशिपवर आलात तर तुम्ही कर्मचारी नसता. राष्ट्रीय आरोग्य विमा आणि राष्ट्रीय पेन्शन तुमचं तुम्ही भरायचं. विमा असला की उपचाराच्या खर्चाचे ३० टक्के तुमच्याकडे येतात.

आता गंमत अशी की राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ता आदल्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर ठरतो. पहिल्या वर्षी ते शून्य, म्हणून हप्ताही किरकोळ. लोक खूश होतात. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचं उत्पन्न धरतात आणि तोच हप्ता कितीतरी पटींनी वाढून येतो. निवासी कराचंही तसंच. १ जानेवारीला तुम्ही जिथले रहिवासी असता, ती नगरपालिका आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर साधारण १० टक्के कर लावते आणि वसुली जूनपासून सुरू होते. म्हणजे फेब्रुवारीत कायमचे परत गेलात तरी त्या वर्षाचं बिल तुमच्या नावावर येतंच. फेलोशिपवर कर लागतो की नाही हे ती कोण आणि कोणत्या नियमाखाली देतं यावर अवलंबून असतं. याचं लेखी उत्तर कचेरीकडून घ्या, शेजारच्या पोस्टडॉकच्या अनुभवावर विसंबू नका.

पेन्शन २० ते ५९ वयाच्या प्रत्येक रहिवाशाला सक्तीची आहे. उत्पन्न कमी असेल तर सवलतीसाठी अर्ज करता येतो. हप्ता नुसता न भरता सोडून दिलात तर पुढे व्हिसा वाढवताना प्रश्न येऊ शकतात. सहा महिने किंवा जास्त भरलं असेल तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे दोन्ही देशांतली वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. पण परतावा घेतलात की तेवढी वर्षं हिशेबातून जातात. तरुण असाल आणि पुन्हा जपानला यायची शक्यता असेल तर घाई करू नका.

'सेन्सेइ' (प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक) घरी गेल्याशिवाय निघायचं नाही, हे खरं का?

काही प्रयोगशाळांत अजून खरं आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. परदेशी पाहुण्याकडून तशी अपेक्षा फार कमी असते. निघताना मात्र गुपचूप सटकू नका. 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु' म्हणा. तुमच्याआधी निघतो, माफी असावी, असा त्याचा भाव. एवढं केलं की सहा वाजता निघालात तरी कुणी भुवया उंचावत नाही.

तुमच्या तासांपेक्षा तुमच्या गप्प राहण्याचा त्रास त्यांना जास्त होतो. प्रयोग फसला, उपकरण बिघडलं, सुट्टी हवी, पेपर दुसरीकडे पाठवायचाय, यातलं काहीही असो, आधी सांगा आणि थोडं थोडं सांगत राहा. आपल्याकडे चांगला विद्यार्थी म्हणजे अडचण स्वतः सोडवून निकाल घेऊन सरांसमोर उभा राहणारा. इथे तेच वागणं बेफिकिरी वाटू शकतं. दर आठवड्याला दोन परिच्छेदांची मेल टाका, निकाल असो वा नसो.

बैठकीत माझ्या सूचनेवर कुणी काही बोललंच नाही. वाईट वाटलं का त्यांना?

बहुधा नाही. बैठकीत येणारी गोष्ट इथे आधीच एकेकाशी बोलून पक्की केलेली असते. तिथे अचानक नवा मुद्दा काढला की माणसं शांत होतात, कारण त्यावर काय म्हणायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. आदल्या दिवशी सहायक प्राध्यापकांच्या टेबलापाशी जाऊन तोच मुद्दा सांगा, फरक दिसेल. आणि 'विचार करून कळवतो' हे उत्तर आलं तर आपल्याकडच्या 'बघू' इतकंच ते आशादायक समजा.

रसायन हवं असेल तर सरळ ऑनलाइन मागवू का?

नको, कृपा करून नको. सार्वजनिक संशोधन निधीच्या गैरवापराची प्रकरणं गाजल्यापासून इथली खरेदी फार काटेकोर झाली आहे. पद्धत अशी: प्रयोगशाळेत नेहमी येणारा विक्रेता असतो, त्याच्याकडून दरपत्रक मागवायचं. मग माल येतो तो आधी तपासणी खिडकीवर. तिथला कर्मचारी खोका उघडतो, बाटल्या मोजतो, पोच पावतीशी ताडून पाहतो आणि शिक्का मारतो. त्यानंतरच माल तुमच्या हाती. दरपत्रक, पोच पावती आणि बिल या तिन्ही कागदांवरच्या रकमा येनपर्यंत जुळाव्या लागतात. स्वतःच्या कार्डाने काही घेतलंत आणि पावतीवर संस्थेचं नाव नसलं, तर ते पैसे गेले असं समजा.

परिषदेला जायचं तर अर्ज जाण्याआधी मंजूर हवा. परतल्यावर अहवाल लागतो आणि बोर्डिंग पासचा तुकडाही लागतो. विमानात पुस्तकातली खूण म्हणून वापरून टाकू नका.

आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यामुळे मार्चमधली धांदल ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे ती प्रत्यक्षात जानेवारीतच संपवतात. मोठं उपकरण हवं असेल तर शरद ऋतूतच तोंड उघडा.

या सगळ्यात तुमचा खरा आधार म्हणजे प्रयोगशाळेच्या सचिव. घरचा गॅस जोडण्यापासून मुलाच्या शाळेच्या पत्रापर्यंत सगळं त्यांच्याकडे जातं. भारतातून येताना प्रयोगशाळेसाठी सुटी वेष्टनं असलेला खाऊ आणा आणि पहिला पुडा त्यांना द्या. सोनपापडी सांडते. काजूकतली किंवा चिक्की उत्तम.

जपानी किती यायला हवं?

प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं. नगरपालिका, दवाखाना, गॅसवाला यांच्याकडे निभावत नाही. निघण्याआधी निदान हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या शिका. काताकाना महिनाभरात येतं आणि त्याचा उपयोग लगेच होतो, कारण उपकरणांची नावं, मेनू, औषधं बहुतेक त्यातच लिहिलेली असतात. पुण्यात शिकायची सोय जुनी आणि चांगली आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकवतात आणि शहरात खासगी वर्गही बरेच आहेत.

शाकाहारी माणूस जगतो का?

जगतो, पण स्वयंपाक यावा लागतो. अडचण मांसाची नाही, ते दिसतं आणि टाळता येतं. अडचण आहे माशाच्या अर्काची. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सॅलडचं ड्रेसिंग, सगळ्यात 'दाशी' असतो आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचा. मांस नको म्हटलंत तर वाढणारा प्रामाणिकपणे मांस काढून मासा वाढतो. म्हणून 'मांस नाही, मासा नाही, दाशीही नाही' असं जपानीत लिहिलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा. तयार करीच्या वड्यांत प्राण्यांची चरबी असते आणि पुडिंगमध्ये जिलेटिन. दुकानात फोनच्या कॅमेऱ्याने घटकांची यादी भाषांतरित करून बघायची सवय लागतेच.

घरी मात्र चैन आहे. दूध, दही, टोफू, भाज्या उत्तम मिळतात. ग्योमू सुपर या सुपरमार्केटमध्ये मसाले आणि कडधान्यं मिळतात, बाकीचं भारतीय दुकानांतून ऑनलाइन. इथला तांदूळ चिकट असतो. पुलावाला कुचकामी, दहीभाताला फर्मास.

प्रयोगशाळेच्या पार्टीला जाणार असाल तर आयोजकाला आठवडाभर आधी सांगा. तिथे पोचून सांगितलंत तर तो बिचारा पूर्ण संध्याकाळ तुमची माफी मागत बसेल. दारू पीत नसाल तर ऊलाँग चहा मागा, कुणी आग्रह करत नाही.

कचऱ्याचं एवढं काय असतं?

नगरपालिकेत पत्ता नोंदवताना वेळापत्रक देतात, ते फ्रिजवर चिकटवा. जळणारा, न जळणारा, पेट बाटल्या, काच-कॅन, कागद यांचे वार वेगळे असतात. बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, आतून विसळायची. पिशवी सकाळी ठरलेल्या वेळेआधी ठेवायची, आदल्या रात्री नाही. वर कावळ्यांसाठीचं जाळं नीट ओढायचं. चूक झाली तर पिशवी चिठ्ठी लावून तिथेच सोडून देतात आणि ती कुणाची हे बहुतेकांना कळतं. फर्निचर आणि गाद्या यांसाठी वेगळी नोंदणी आणि पैसे.

भूकंप झाला तर?

होणारच. त्सुकुबा ज्यात येतं त्या इबाराकी प्रांतात छोटे धक्के नेहमीचे आहेत, महिनाभरात सवय होते. इथे बातम्यांत रिश्टरपेक्षा 'शिंदो' सांगतात, म्हणजे तुमच्या गावात जमीन किती हलली. शून्य ते सात, त्यात पाच आणि सहाचे दोन-दोन भाग, अशा एकूण दहा पायऱ्या. तीनपर्यंत सहकारी मान वर करून पुन्हा कामाला लागतात. फोन एकदम कर्कश वाजला तर ती पूर्वसूचना. हातात काही सेकंद असतात. टेबलाखाली जा, बाहेर धावू नका. प्रयोगशाळेत असाल तर आधी उघड्या ज्योतीपासून दूर व्हा.

साधारण शिंदो पाचला घरातला गॅस आपोआप बंद होतो. अनेकांना वाटतं पाइप फुटला, आणि ते थंड पाण्याने आंघोळ करत बसतात. घराबाहेर मीटर असतो. सगळी गॅसची उपकरणं बंद करायची, वास येत नाही ना हे पाहायचं, मीटरवरचं रिसेटचं बटण दाबायचं. लाल दिवा लुकलुकायला लागतो. तीनेक मिनिटं थांबायचं, तो बंद झाला की गॅस सुरू. वास येत असेल तर बटणाला हात लावू नका, कंपनीला फोन करा.

पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं करा आणि पलंगाच्या डोक्याशी ते ठेवू नका. जवळचं आश्रयस्थान बहुधा शाळाच असते, ती एकदा चालत जाऊन बघून या. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलिस ११०.

आजारी पडलो तर सरळ विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जाऊ?

तातडीचं असेल तर ११९. एरवी आधी जवळचं छोटं क्लिनिक. तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या हॉस्पिटलात गेलात तर विम्याबाहेरचे किमान ७,००० येन वेगळे पडतात.

थंडी आणि हवा?

थंडी बाहेर जितकी, तितकीच घरात. त्सुकुबात हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि जुन्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ. पहिल्याच महिन्यात विजेची चादर घ्या. त्याहून चिवट शत्रू म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमधले सुगी (जपानी देवदार) झाडाचे परागकण. युद्धानंतर लाकडासाठी देशभर ही झाडं लावली गेली. पहिल्या वसंतात काही होत नाही म्हणून आनंदू नका. बऱ्याच जणांना एक-दोन वर्षांनी नाक आणि डोळे धरतात.

गाडी लागते का?

शहराच्या मध्यभागी सायकल पुरते, कुटुंब असेल तर गाडी लागते. त्सुकुबा एक्स्प्रेस या रेल्वेने टोकियोतलं आकिहाबारा ४५ मिनिटांवर आहे, पण शहर पसरट आणि बस विरळ. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. पुढे जपानी परवान्यात बदलताना लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा असते. पहिल्या खेपेला नापास होणं अगदी सर्वसामान्य आहे.

सायकलची नोंदणी दुकानातच करून घ्या. एका हातात छत्री धरून चालवणं बेकायदा आहे आणि १ एप्रिल २०२६ पासून सायकलस्वारांनाही जागेवर दंडाची पावती मिळते.

जोडीदार आणि मुलं?

अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. सरकारी प्राथमिक शाळा परदेशी मुलांनाही मोफत आहे. लहान मुलं सहा महिन्यांत आईवडिलांची दुभाषी होतात. शाळेच्या जेवणात मासा-मांस असतं, डबा द्यायचा असेल तर आधी शिक्षकांशी बोला. एकटेपणाचा खरा फटका जोडीदाराला बसतो, संशोधकाला दिवसभर प्रयोगशाळा असते. नगरपालिकेचे किंवा स्वयंसेवकांचे भाषावर्ग पहिल्याच आठवड्यात शोधून द्या.

मराठी माणसं भेटतात का?

टोकियोत भरपूर. एदोगावा प्रभागातलं निशी-कासाई हे भारतीयांचं ठाणं आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले. तोक्यो मराठी मंडळ गणपती आणि दिवाळी साजरी करतं. त्सुकुबात घोळका छोटा, पण पातेलं मोठं.

मध्येच भारतात जाऊन यायचं असेल तर?

वर्षाच्या आत परतणार असाल तर वेगळा परवाना लागत नाही. फक्त निघताना विमानतळावरच्या फॉर्मवर 'परत येणार आहे' या चौकोनात खूण करा. ती राहिली तर निवासाचा दर्जाच संपू शकतो. आणि हो, संस्थेला आणि फेलोशिप देणाऱ्याला आधी कळवा. देशाबाहेरच्या दिवसांवर बऱ्याच फेलोशिपांत मर्यादा असते.

कायमचं परतताना काय बंद करायचं?

नगरपालिकेत स्थलांतराची नोंद करा. कराची बिलं घेणारा प्रतिनिधी नेमा, म्हणजे भरवशाचा सहकारी किंवा संस्था सांगेल तो. पेन्शन परताव्याचा अर्ज भारतातून पाठवायचा, त्यासाठी पेन्शन क्रमांकाची प्रत जवळ ठेवा. निवास कार्ड विमानतळावर जमा होतं. मोठं सामान फेकायची तारीख तीन-चार आठवडे आधी मिळवा, मार्चमध्ये तर त्याहून आधी, कारण अर्धं शहर त्याच आठवड्यात घर बदलत असतं. बँक खातं बंद करण्याआधी शेवटची गॅस-विजेची बिलं वळती होऊ द्या. फोनचा नंबर सगळ्यांत शेवटी बंद करा, कारण बाकी प्रत्येक गोष्टीचा ओटीपी त्याच्यावरच येतो.